गाडी चाकांवर होती ना?

प्रिय टाचणी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. दुसरं काही लिहून बघितलं, पण ते कुणा परक्या बाईला लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून कागद फाडला आणि पुन्हा टाचणीवर आलो. बाबांनी ठेवलेलं नाव. तोंडात चार टाचण्या धरून तू बोलायचीस आणि तरी एक शब्द बोबडा यायचा नाही. अकरा वर्षांतलं माझं हे पहिलं पत्र. मधे बाबा गेले तेव्हा तू आलीस, तीन दिवस राहिलीस, घर आवरलंस, आणि माझ्याशी किल्ली कुठे आहे, साखर कुठे आहे, एवढंच बोललीस. मीही किल्ली आणि साखर दाखवली. दातांच्या डॉक्टरांच्या त्या हिरव्या गाडीबद्दल तेव्हाच बोलायचं होतं. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा, चहा घेतेस का, असं विचारून मिटलं. तुझ्या नावाला जो डाग लागला तो मी लावला, हे आज सांगितल्याशिवाय हे पत्र पाकिटात जाणार नाही. पण तू मला ओळखतेस. मी सरळ मुद्द्यावर येणारा नव्हे. आधी थोडं इकडचं तिकडचं होईल.

कारखाना जागच्या जागी आहे. छपराचे दोन पत्रे बदलले, बाकी तेच. मागच्या खोलीत फायबरचा वास, पुढच्या खोलीत कॅनव्हासचा, आणि मधल्या दारात उभं राहिलं की दोन्ही मिळून डोकं धरतं. कापड बेतायचं लांब टेबल तू सोडलंस तिथेच आहे. त्यावर मी हातोडी-पाने ठेवत नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं. शिवणकाम आता मीच करतो. हसू नकोस. पहिलं वर्षभर माझी टीप कुठे निघालीये हे मलाही कळायचं नाही आणि मशीनलाही. तुझी वहिनी विचारायची, हे पडदे आहेत की पतंग? हळूहळू हात बसला, पण तुझ्यासारखा नाही. गिऱ्हाईक समाधानाने जातं, तरी शिवण जिथे वळते तिथे मी तळहात ठेवून, ती झाकून बोलत असतो. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि हल्ली सुई ओवताना वहिनीची मनधरणी करावी लागते. ती ओवून देते, पण फुकट देत नाही, दोन शब्द ऐकवूनच देते.

लिहायला बसायचं निमित्त असं झालं, की रोडस्टरवाल्यांच्या मंडळाने माझ्याकडून चार पानं मागवली. नव्या मालकांसाठी पुस्तिका काढताहेत : हूड आणि बाजूचे पडदे कसे बसवावेत. मंडळाच्या सेक्रेटरींच्या मते या कामात माझ्याइतका जाणकार दुसरा नाही. मी फुशारून सुरुवात केली. लिहिलं, की आपली गाडी ही जुन्या काळच्या उघड्या दोन आसनी गाडीची नक्कल आहे. अंग फायबरचं, इंजिन नवं, पण ढंग जुना, म्हणून दारांना काचा नाहीत आणि डोक्यावर छत नाही. पाऊस आला की उतरून कापडी हूड वर ओढायचं आणि दोन्ही दारांवर पडदे उभे करायचे. पडदा म्हणजे लोखंडी चौकट, तिच्यावर कॅनव्हास, मध्ये प्लास्टिकची पारदर्शक खिडकी, खाली दोन खुंट्या, त्या दाराच्या खोबणीत बसतात. इथवर झोकात आलो. पुढे लिहिलं, पडदा बेतण्याआधी हूड चढवून रात्रभर ताणून ठेवावं. आणि थांबलो, कारण हे वाक्य तुझं. प्लास्टिक गार असताना दुमडू नये, आधी उन्हात ठेवून मऊ करावं : तेही तुझं. पुढची कड समोरच्या काचेच्या खांबामागे दडवावी आणि मागची पट्टी हुडाच्या बाहेरून टिचबटणांनी लावावी, म्हणजे वारा पडद्याला उचलत नाही, दाबतो : तुझंच. चार पानांत मला माझं म्हणावं असं काही सापडलं असेल तर ते शेवटी घातलेलं नाव आणि पत्ता. सहाव्या सूचनेवर तर घोडं अडलंच. मापं घेताना गाडी तिच्या स्वतःच्या चाकांवर उभी असावी. एवढं एक वाक्य, आणि ते कागदावर उतरवायला मला तीन दिवस लागले.

तू तर नुसत्या चाकांवर थांबणारी नव्हतीस. टाकी भरलेली हवी, मालक आत बसलेला हवा, शेजारच्या सीटवर नेहमी जी व्यक्ती बसते तीसुद्धा हवी. त्या जाड्या कंत्राटदाराला तू पाऊण तास आत बसवून ठेवलं होतंस, आठवतं? तो बसला की दार दोन रेघा खाली यायचं, उतरला की वर जायचं, आणि तू खडू हातात घेऊन त्याला सांगत होतीस, आता श्वास सोडा. मग बाहेर उभं करून पडद्याच्या झडपेतून हात घालून आतली कडी उघडायला लावलीस, कारण बाहेरून कडीच नाही, आणि त्याचा हात कोपरापर्यंत जाऊन अडकला. बाबा हसता हसता पिंपावर बसले. झडप दोन इंच वाढवलीस तेव्हा कुठे तो घरी गेला. मला हे सगळे नखरे वाटायचे. मी म्हणायचो, एकाच साच्यातून काढलेल्या गाड्या, एक कागदी नमुना कर आणि दहा पडदे एकदम काप. तू म्हणायचीस, दादा, साचा एक असला तरी पोरं वेगवेगळी निघतात, आपल्या दोघांकडे बघ की. मी नाक मुरडायचो. आज मी गिऱ्हाइकांना अगदी तेच सांगतो, तेही माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं.

आता ती हिरवी गाडी. ती साच्यातली एकोणिसावी. तुला सगळं ठाऊक आहे असं तू म्हणशील, पण सगळं नाही, म्हणून वारांसकट लिहितो. सोमवारी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तू दवाखान्यात राहिलीस. डॉक्टरांना गाडी रविवारच्या सहलीसाठी हवी होती, आणि मी शब्द देऊन बसलो होतो. मंगळवारी सकाळी हूड चढलेलं होतं, पण चाकं रंगाऱ्याकडे होती. गाडी चार लोखंडी स्टँडवर होती, आणि जागा अपुरी म्हणून ते स्टँड मी पोटाखाली, मधोमध सरकवले होते. म्हणजे गाडीची दोन्ही टोकं किंचित खाली झुकलेली, आणि दारावरची जागा उघडलेली. हे मला कळत नव्हतं असं नाही. वीस वर्षं गाड्या बांधणाऱ्याला एवढं कळतं. तरी मी टेप लावली आणि काचेच्या खांबापासून हुडाच्या मागच्या कमानीपर्यंतचं माप तुझ्या वहीत लिहिलं : सव्वाएकतीस इंच. बुधवारी संध्याकाळी तू दवाखान्यातून आलीस, पायातल्या चपला न काढता वही उघडलीस आणि विचारलंस, गाडी चाकांवर होती ना? मी दाराची बिजागरी आवळत होतो. मान वर न करता म्हणालो, हो, चाकं नंतर रंगाऱ्याकडे गेली. नाही म्हटलं असतं तर तू कात्रीला हात लावला नसतास, चाकं शुक्रवारशिवाय येणार नव्हती, आणि माझा शब्द गेला असता. एवढ्यासाठी. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, थकली होतीस, आणि कापड पसरलंस. दुसऱ्या कुणाच्या मापावर तू तोवर कधी कात्री चालवली नव्हतीस. बाबांच्यासुद्धा नाही.

शुक्रवारी चाकं आली. तू बाबांना घरी आणायला गेली होतीस. मी गाडी खाली उतरवली, पडदे लावले, आणि पुन्हा टेप धरली. चाकांवर तीच जागा पावणेएकतीस भरली. अर्धा इंच लांब पडदा मध्ये फुगला होता आणि पुढची कड खांबामागून सुटून बाहेर डोकावत होती. तेव्हाही वेळ होती. तू तासाभरात परतणार होतीस, पडदा उसवून रात्रीत पुन्हा शिवला असतास, मला चार शब्द सुनावले असतेस आणि विसरली असतीस. पण मग मला कबूल करावं लागलं असतं, की बुधवारी तोंडावर खोटं बोललो. मी चौकट काढली, गुडघ्यावर धरून वाकवली, आणि कड ओढून खांबामागे बसवली. लांबून बघितलं तर छान दिसत होतं. तू परतण्याआधी डॉक्टरांना फोन करून गाडी न्यायला लावली. तुला सांगितलं, त्यांना घाई होती.

रविवारचं तू बघितलंसच. आपण व्हॅनमधून मागे, मी चालवतोय, शेजारी बाबा काळा चष्मा लावून, मागे तू अवजारांच्या पेटीवर. चढणीच्या रस्त्यावर पावसाने गाठलं, सगळ्या गाड्या थांबल्या, हुडं वर गेली, पडदे उभे राहिले, आणि बाबा तुला म्हणाले, आज तुझी परीक्षा. उतारावर डॉक्टरांनी वेग घेतला. ओढून बसवलेली कड सुटली, वारा तिच्यात शिरला, पडदा एकदम खोबणीतून उपटला, चौकट आधी डॉक्टरांच्या बायकोच्या भुवईला लागली आणि मग उडून मागच्या गाडीचा दिवा फोडून गेली. चार टाके पडले बाईंना. थोडं खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. पेट्रोल पंपाच्या छपराखाली सगळे जमले, डॉक्टर भिजलेले, संतापलेले, आणि त्यांनी विचारलं, कुणी केलंय हे काम? सगळ्यांदेखत मी म्हणालो, बेतलं आणि शिवलंय बहिणीने. बघ, यात एक शब्द खोटा नव्हता. अशी मी सोय केली. तू तो पडदा रस्त्यावरून उचलून आणला होतास, छातीशी धरून उभी होतीस, आणि तुझं बोट चौकटीवरून फिरत फिरत मी वाकवलेल्या जागी येऊन थांबलं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता ही बोलणार. आणि तू डॉक्टरांच्या बायकोकडे वळून म्हणालीस, चुकलं माझं, माफ करा.

तू गप्प का राहिलीस, हे समजायला मला फार वर्षं लागली. आधी वाटायचं, तुला खात्री नसेल. मग वाटायचं, तू मला लाजवायला गप्प बसलीस. बाबा गेले त्यानंतर कधीतरी लक्षात आलं. डोळ्यावर चष्मा लावून बाबा तिथे उभे होते, आणि त्यांना पुढे माझ्याच घरी दिवस काढायचे होते. मुलगा खोटारडा आहे हे कळलं असतं तर त्यांना त्याच्या घरचं जेवण गेलं नसतं. घरी आल्यावर बाबांनी तुला फक्त एवढंच विचारलं होतं, टाचणी, चाकांवर बघितली नव्हतीस? आणि तू मान खाली घातलीस. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. पुढे आठ वर्षं बाबा माझ्याकडे राहिले, मी त्यांची औषधं दिली, त्यांना फिरायला नेलं, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगायचे. तुझ्या कामाचा विषय निघाला की म्हणायचे, हात चांगला होता तिचा, पण घाई नडली. मी ऐकून घ्यायचो. एकदाही म्हणालो नाही, की घाई तिची नव्हती. बाबा तसेच गेले. ते आता मला दुरुस्त करता येणार नाही.

आणि अजून एक आहे. ते मी आजवर तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. त्या छपराखाली मोठ्या कारखान्याचे मालक उभे होते. ते तुझ्यासाठी आले होते. त्या रविवारच्या दोन आठवडे आधी त्यांनी तुला बोलावणं धाडलं होतं, त्यांच्याकडे वर्षाला चाळीस गाड्या निघणार आणि हूड-पडद्यांचा सगळा विभाग तू सांभाळायचा. तू मला ते सांगितलंस तेव्हा आपण दोघं मोठं कापड दोन टोकांना धरून घड्या घालत होतो. तुझं टोक हातातून दोनदा निसटलं, इतकी खुशीत होतीस. म्हणालीस, दादा, तुला चालेल ना? मी म्हणालो, चालेल की, न चालायला काय झालं. आणि त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तू गेलीस तर इथे काय उरतं, फायबरचे टब करणारा एक माणूस. लोक माझ्याकडे गाडीसाठी यायचे, पण दुसऱ्यांदा यायचे ते तुझ्यामुळे, हे मला कधीच कळून चुकलं होतं. तर त्या रविवारी पंपावर मालकांनी कपाळाला आठ्या घालून आधी डॉक्टरांच्या बायकोच्या भुवईकडे आणि मग तुझ्याकडे बघितलं, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, टाचणी. वाटलं, आता ही कुठे जात नाही. मी घाबरून तुझं नाव घेतलं असं स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. घाबरलो होतोच. पण नुसता घाबरलो नव्हतो.

आणि तू दोन महिन्यांत गेलीसच. मालकांचं बोलावणं रद्द झाल्याचं पत्र आलं, दुसऱ्या दोन ठिकाणी तुला दारातून परत पाठवलं, आणि तू तंबू शिवायच्या कारखान्यात कामाला लागलीस. सरळ शिवणी, एका मापाच्या, दिवसाला शंभर. तुझ्या हाताला ते काम म्हणजे शिक्षाच. इकडे माझं बस्तान बसत गेलं, कारण त्या रविवारनंतर मी एकही पडदा चाकांवर मापल्याशिवाय बेतला नाही. टाकी भरून, मालक बसवून, हूड रात्रभर ताणून. तुझी सगळी पद्धत मी उचलली आणि तिच्यावर नाव कमावलं.

आता जे लिहितो ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. या धंद्यात एक शब्द रुळलाय. ज्या पडद्याला वारा लागला की तो फुगतो, सुटतो, गळतो, त्याला सगळे 'बहिणीचा पडदा' म्हणतात. कुठून आला हे नव्या कारागिरांना माहीतही नाही. पहिल्यांदा मी तो ऐकला तेव्हा माझ्यासमोरच एकाने वापरला आणि मग जीभ चावली. मी हसून सोडून दिलं. तो हसला, मी हसलो. त्यानंतर कितीदा तरी कानावर आला, आणि आता माझी चार पानं छापखान्यातून तपासायला परत आली आहेत, त्यात सेक्रेटरींनी सहाव्या सूचनेखाली आपल्या पदरचं वाक्य घातलंय : नाहीतर तुमचाही बहिणीचा पडदा व्हायचा! शेवटी उद्गारचिन्ह. मी ते पान हातात घेऊन कितीतरी वेळ तुझ्या टेबलापाशी बसलो होतो. वहिनीने जेवायला हाक मारली ती ऐकू आली नाही.

त्याच आठवड्यात मोठ्या कारखान्यातून फोन आला. म्हातारे मालक आता येत नाहीत, मुलगा बघतो. म्हणाला, एका बाईंचा अर्ज आलाय, तंबूंचा कारखाना बंद पडलाय, हूड-पडद्यांचा जुना अनुभव लिहिलाय, आडनाव तुमचंच दिसतंय. मग आवाज हलका करून विचारलं, त्या 'बहिणीचा पडदा'वाल्याच ना या? तू मला अर्जाचं कळवलं नाहीस, बरोबरच केलंस. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, की ते माप मी घेतलं होतं, गाडी स्टँडवर होती, आणि मी खोटं बोललो. तो हसला. म्हणाला, भाऊ असावा तर असा. मी पुन्हा सांगितलं, जरा चिडूनच. तो म्हणाला, काका, मला समजतंय, बहिणीसाठी माणूस काहीही अंगावर घेतो, तुम्ही काळजी करू नका, बारा तारखेला बोलावलंय तिला, बघतो काय करता येईल ते. त्या 'बघतो'चा अर्थ तुलाही कळतो आणि मलाही.

मग गेल्या रविवारी मंडळाची सभा होती. पुस्तिकेबद्दल माझा सत्कार ठेवला होता. मी उभा राहिलो आणि सगळं बोललो. बुधवार, शुक्रवार, पंप, सगळं. दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेत होते, शेजारी त्यांची बायको. मी गाडी चाकांवर नव्हती म्हटलं, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते! सेक्रेटरींनी डोळे पुसले. डॉक्टरांनी माझा खांदा थोपटला आणि म्हणाले, झालं गेलं विसरा हो, किती मोठं मन तुमचं. फक्त त्यांची बायको बसून राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती, टाळी न वाजवता, आणि तिला पटलं असावं असं मला वाटलं. मी घरी आलो तेव्हा हातात शाल होती. वहिनीने विचारलं, कसा झाला सत्कार? काय सांगणार? अकरा वर्षं खोटं बोललो तेव्हा माझ्या शब्दाला किंमत होती. खरं बोललो तर ते माझ्याच मोठेपणात जमा झालं.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती मी कुठल्या तोंडाने मागू. तू परत ये असं म्हणायलाही नाही. हे पत्र तुझ्यासाठी आहे, पण फक्त तुझ्यासाठी नाही. बारा तारखेला मुलाखतीला जाशील तेव्हा ते बरोबर ने आणि त्या मुलाने काही विचारायच्या आत त्याच्यासमोर ठेव. वार, मापं, स्टँड कुठे लावले होते ते, चौकट कशी वाकवली ते, सगळं त्याचसाठी लिहिलंय, गाड्या बांधणारा माणूस ते वाचून ओळखेल की असं कुणी कौतुकासाठी रचून लिहीत नाही. आणि मला बरं वाटलं होतं तेही मुद्दाम खोडलं नाही. एवढं वाचून कुणी टाळ्या वाजवणार नाही. शेवटच्या पानाच्या पाठीमागे माझी पूर्ण सही आहे, कारखान्याचा शिक्का आहे, आणि तुझ्या वहिनीची साक्षीदार म्हणून सही आहे. तिने सही करण्याआधी इथवरचं सगळं वाचलं. सही करून पेन खाली ठेवलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बरोबर आहे तिचं. याचीच एक प्रत मंडळाला गेली आहे, पुस्तिकेतून माझं नाव काढा असं वर लिहून. ते काढतील की नाही, मला सांगता येत नाही. तुला हे पत्र जाळावंसं वाटलं तर जाळ, तोही तुझा हक्क. पण तुझ्या जागी दुसऱ्या कुणी बोलायची आता गरज नाही, आणि तुला गप्प बसायचीही नाही, बाबा आता कुठे आहेत ऐकायला. मला उत्तर पाठवू नकोस. त्या कारखान्याच्या गाड्या इकडच्या रस्त्याने जातात. एखाद्या पावसात पडदे लावलेली गाडी आतून कोरडी जाताना दिसली, की मी समजेन.

तुझाच,
ज्याने मापं घेतली तो, दादा